पिवळ्या पानावरचं नाव

आश्विनात आभाळ भरून आलं की डोंगरतळीच्या माणसांना जेवण गोड लागत नाही. सोयाबीन वाळून उभं असतं, शेंगा तडकायच्या बेतात असतात, आणि वरून दोन सरी जरी आल्या तरी दाणा काळा पडतो. मग ज्याला त्याला काढणीला माणसं आजच्या आज पाहिजे असतात. एरवी बायांच्या घरावरून मान वळवून जाणारेसुद्धा त्या पंधरा-वीस दिवसांत दारात थांबून लेकरांची चौकशी करतात.

नागुबाईची टोळी दिवस उगवायच्या आत अण्णारावच्या रानात उतरली होती. अकरा बाया. साडीवर नवऱ्यांचे जुने लांब बाह्यांचे शर्ट आणि हातात पायमोजे चढवलेले. सोयाबीन कापायचं ते दव असेपर्यंत. ऊन चढलं की शेंगा हातातच फुटतात, दाणे मातीत जातात आणि बांधावरच्या मालकाचं तोंड सुटतं. म्हणून टोळी गुत्त्यानं, म्हणजे अख्ख्या रानाचा एक भाव ठरवून, रान घ्यायची आणि पहाटे पाचलाच वेशीतून निघायची. भाव ठरवायचा, दिवस ठरवायचा, कुणाचं रान आधी आणि कुणाचं मागून हे ठरवायचं, ते सगळं नागुबाईकडं होतं. गेली सहा वर्षं तिनं एकाही मालकाचा दिवस चुकवला नव्हता, आणि हे ती स्वतः कुणाला सांगत नसली तरी दुसऱ्यानं सांगितलेलं तिला आवडायचं.

साडेसातच्या सुमाराला व्यंकटराव आला. त्यानं मोटारसायकल बांधावर उभी केली आणि खाली न उतरताच विचारलं, "का गं नागुबाई, हितं कामून? माझ्या रानात कोन येणार?"

नागुबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "तुमचं कवा ठरलं दादा?"

"सायबरावसंगं ठरलं की, परवा. अकराच्या अकरा बाया पाठवतो म्हणला. सहापासून बांधावर उभा हाव मी."

"महामायाचे बाबा तर हैदराबादला हायत. टोळीचं मी बघते," नवऱ्याचं नाव न घेता नागुबाई म्हणाली.

"फोनच्या वहीत तर त्याचं नाव हाय. माझ्या पोरानं, शिवमनं शोधून फोन लावून दिला. आता गुरुजीनं छापलेली वही खोटी का?"

अण्णाराव लिंबाखाली बसला होता. सत्तरीचा माणूस, दुसऱ्याचं भांडण त्याला चहासारखं लागायचं. तो म्हणाला, "माझ्याकडं तर ती सोता येऊन ठरवून गेली, व्यंकट."

"मंजे नवऱ्यानं शब्द द्यायचा आन् बायकोनं मोडायचा." व्यंकटरावानं गाडीला किक मारली. "तुमच्यात कारभारी कोन ते एकदा ठरवून घ्या. तू निस्ती निरोप आणणारी आसशील, तर निरोप तरी नीट पोचवत जा."

गाडी गेली. बाया खाली मान घालून कापत राहिल्या. नागुबाई खाली वाकली, झाड चुकीच्या अंगानं धरलं, आणि शेंगेचं टोक मोज्यातून आत शिरलं. तिनं ते काढलं नाही. ओळ संपेपर्यंत ते तसंच टोचत राहिलं.

वहीची हकिगत अशी. शाळेवरचे उमाशंकर गुरुजी लातूरकडचे, वयानं कोवळे आणि हौशी. त्यांनी आपल्या मामाच्या माळ्यावरची टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आणली होती, विटेएवढी जाड. पाचवीच्या पोरांना त्यांनी ती बघायला शिकवलं. पुस्तक पहिल्या पानापासून चाळत बसायचं नाही, मधूनच उघडायचं. आपलं अक्षर पुढं गेलं असलं तर मागं यायचं, मागं राहिलं असलं तर पुढं सरकायचं. अक्षर सापडलं की त्याच्यातलं दुसरं अक्षर धरायचं. पोरांना त्याची शर्यतच लागली. ज्यांचे नंबर त्यात होते त्यातली निम्मी माणसं आता असतील की नाही कोण जाणे, पण पोरं थुंकी लावून लावून त्यांना शोधायची. मग गुरुजींनी गावाचीच वही करायचं काढलं. प्रत्येक पोरानं आपल्या गल्लीतल्या घरांचे नंबर आणले. दोनशे चौदा घरं भरली. मुदखेडला छापून घेतली आणि घरोघर एक एक प्रत गेली. शेवटी एक पिवळं पान लावलं होतं. त्याच्यावर जळालेली मोटार भरणारा, वायरमन, टेम्पोवाला, जनावरांचा डॉक्टर, पंक्चरवाला, अशी कामाची माणसं.

नागुबाईला त्या वहीचं कौतुक होतं. तिचं जुनं सिम बंद पडलं होतं, आषाढात नवं घेतलं होतं, आणि वहीमुळं नवा नंबर आपसूक सगळ्यांकडं जाईल असा तिचा हिशोब होता. लेक महामाया वर्गात वही बघण्यात पहिली, म्हणून घरातलं तिनंच लिहून दिलं होतं. नागुबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि छापलेलं बघायची गरज तिला वाटली नव्हती.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी घरी येऊन तिनं शर्ट काढायच्या आतच विचारलं, "महामाया, ती वही आण. टोळीचं कुठं लिवलंय दाव."

पोरीनं वही घेतली आणि चार मोजायच्या आत बोट ठेवलं. "हे बघ माय. सोयाबीन काढणी. साहेबराव मारुती सोनकांबळे. अकरा बाया."

"आन् फोन कुणाचा?"

"बाबांचा. गुरुजी म्हणले, घरातल्या कर्त्या माणसाचं लिवा." पोरीचं बोट तिथंच राहिलं, आवाज मात्र बारीक झाला. "चुकलं का माझं?"

"न्हाई बाई. समदेच तसं लिवतेत," नागुबाई म्हणाली. तिला पोरीवर रागावता येईना.

तिनं साहेबरावला फोन लावला. साहेबराव हैदराबादला एका बांधकामावर रखवाली करायचा. वर्षातून दोनदा गावी यायचा, शांत माणूस, दारू नाही की काही नाही. फोन उचलला तो हसतच.

"म्या तिघांचं ठरवलं बघ. व्यंकटराव, पोलीस पाटील आन् खालच्या वस्तीवरचे."

"तिघांचं? कोणत्या दिवशी?"

"सगळ्यांना घाईच हाय. व्यंकटरावाचं आज हुकलं, मंग तिघांना बी उद्याच पाठवतो म्हणलं. मागच्या सालचाच भाव सांगितला, लोकं खूश झाली. आगं, लई मानानं बोलायलेत. सायबराव, तेवढं आमचं बघा म्हणायलेत. अहो-जाहो करायलेत."

गेली सहा वर्षं त्याच्या फोनवर सुपरवायझरशिवाय कुणी बोललं नव्हतं. गेट उघड आणि गेट लाव, एवढंच त्या फोनचं काम. नागुबाईला संताप आला होता, पण त्याच्या आवाजातला आनंद ऐकून तो नीट काढताही येईना. "आता पुढं कुणाला शब्द देऊ नका," एवढंच ती म्हणाली. तो "हाव हाव" म्हणाला, आणि त्यात काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं टोळी फोडली. सहा बाया व्यंकटरावाकडं, पाच पोलीस पाटलाकडं. मागच्या सालच्या भावानं, कारण शब्द गेला होता. ती स्वतः दोन्ही रानांच्या मध्ये पळत राहिली. इकडं ओळ लावून द्यायची की तिकडं जायचं, पाणी पोचलं का बघायचं, परत यायचं. पायाला भेगा पडल्या होत्या, त्यात माती शिरत होती. वर आभाळ गडगडायचं नुसतं, पडायचं नाही, आणि माणसाला धड बसूही द्यायचं नाही. दुपारचे दोन वाजले तरी एकही रान निम्म्याच्या वर गेलं नव्हतं. शेंगा तडतड फुटत होत्या. व्यंकटरावानं मूठभर सांडलेले दाणे उचलून तिच्यापुढं धरले आणि परत मातीत टाकले.

खालच्या वस्तीवर तर कुणीच गेलं नाही. त्यांनी संध्याकाळी उमरीकडची टोळी बोलावली. चौदा बाया टेम्पोतून आल्या. त्या टेम्पोत दुसऱ्या दिवशी नागुबाईच्या टोळीतली केवळाबाई आणि तिची सून बसून गेल्या. जाताना केवळाबाई दारात आली होती. "भांडण न्हाई नागुबाई. पर आमाला सलग दिवस पाहिजेत. आज ह्याच्यात, उद्या त्याच्यात, मालकाच्या शिव्या खाऊन, मला जमत न्हाई ह्या वयात."

राहिल्या नऊ. आणखी दोघी गेल्या की टोळी संपली. सात बायांना कुणी गुत्त्यानं रान देत नाही, रोजानं बोलावतात, आणि रोजानं गेलं की जिला जो बोलावील तिकडं ती. सहा वर्षांची बांधलेली टोळी वीस दिवसांच्या सुगीत विस्कटायला लागली होती.

त्याच दिवशी दहा वाजता बायांना ओळी लावून देऊन ती तशीच शाळेत गेली. केसांत भुसा, हातावर ओरखडे. वर्गात शर्यत रंगात आली होती. गुरुजी म्हणायचे, "गाय अडली आहे, वासरू आडवं आलंय, कुणाला फोन करणार?" आणि वीस वह्या फडफडायच्या. नागुबाई चौकटीला धरून उभी राहिली. गुरुजींनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती बसली नाही.

"गुरुजी, टोळीपुढचं नाव बदला."

सगळं ऐकल्यावर गुरुजी म्हणाले, "सोपं आहे की. नाव राहू द्या. नंबर तेवढा तुमचा टाकतो."

"नंबर टाकून भागत न्हाई. नाव त्यांचं आसलं की लोक मला म्हणणार, सायबरावला इचार. म्या निरोप आणणारीच राहते. टोळी माझी हाय, नाव माझं टाका."

"बाईचं नाव कसं टाकायचं, सर?" पुढच्या रांगेतून व्यंकटरावाचा शिवम बोलला. पोरगं कुचकं नव्हतं, खरोखर विचारत होतं. "बाईचं नाव आसलं म्हणजे तिचे मालक वारलेले आसतेत."

"कुणी सांगितलं तुला?"

"वहीतच हाय की, सर."

गुरुजींनी वही उघडली. त्यांनीच शिकवलं होतं पोरांना, पुस्तकाला विचारायचं म्हणून. ते एकेक पान बोटानं उतरत गेले. दोनशे चौदा नावांत बायांची नऊ. एक आशाताई, एक अंगणवाडीच्या ताई. राहिलेल्या सातही जणी विधवा. हा नियम कुणीच पोरांना दिला नव्हता. पोरांनी घरोघर जाऊन तो आणला होता. महामाया शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

गुरुजींनी वही मिटली. मग म्हणाले, "लोक भलतंसलतं बोलतील, बाई."

"आत्ता काय कमी बोलायलेत?" नागुबाई म्हणाली.

दुपारच्या सुट्टीनंतर पोरं दोघं-दोघं मिळून गावभर निघाली. प्रत्येक घरातली वही मागायची, पिवळं पान उघडायचं, साहेबरावच्या नावावर पट्टीनं रेघ मारायची आणि वर बारीक अक्षरात लिहायचं, नागुबाई. नंबरही बदलायचा. महामायानं स्वतःच्या आळीचं काम मागून घेतलं आणि सगळ्यांत शेवटी आपल्या घरी आली.

ओट्यावर धुरपताबाई बसली होती, साहेबरावची आई. तिनं वही घेतली आणि बुडाखाली घालून वर बसली.

"आजी, दे की. गुरुजींनी सांगितलंय."

"गुरुजीच्या आईला सांग मंग. माझ्या जित्या लेकरावर रेघ मारायलीस? बाकी गावात मारा. ह्या घरात मारू देणार न्हाई."

नागुबाई रानातून आली तेव्हा म्हातारी तशीच बसलेली होती, आणि जेवायलाही उठली नाही. नागुबाईनं ताट तिथंच ओट्यावर आणून ठेवलं. "आत्या, त्यांना काय बी होत न्हाई. शाईची रेघ हाय ती."

"तुला शाईची हाय," म्हातारी म्हणाली. नागुबाईनं पाण्याचा तांब्या ताटाशेजारी ठेवला. तिच्याही मनाला दिवसभर तेच खात होतं. दोनशे घरांत नवऱ्याच्या नावावर रेघ पडली होती, आणि ती तिनंच मागून घेतली होती. अंगावर काटा आला, तरी मागं घ्यावं असं वाटलं नाही. घरातली ती एक वही तेवढी तशीच राहिली.

फोन दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. पहिला आला शेजारच्या गावच्या सिद्धेश्वर पाटलाचा. त्याच्या पाहुण्याकडं वही होती.

"साहेबरावचं आमाला कळलं न्हाई हो बाई. कवा झालं?"

"जिते हायत ते," नागुबाई म्हणाली. "रान किती हाय ते बोला."

असं तिला चार ठिकाणी बोलावं लागलं. दोघींनी वाटेत थांबवून तोंडावरून हात फिरवला, एकीनं कपाळाकडं टक लावून बघितलं. तिनं सगळं गिळलं आणि दिवस लावत गेली. सोमवारी सिद्धेश्वर पाटील, मंगळवार-बुधवार खालची आळी. भाव ह्या सालचा. कुणी जुना भाव काढला तर म्हणायची, "ज्यांनी सांगितला त्यांच्याकडून काढून घ्या." नऊच्या नऊ बाया टिकल्या. उमरीची टोळी एका पावसाला घाबरून दोन दिवस आलीच नाही, तेव्हा व्यंकटरावाचाही फोन आला. अगोदर खाकरला, मग म्हणाला, "राहिलेलं दोन एकर हाय. कवा जमंल तुला?"

"गुरुवारी," ती म्हणाली. "पहाटे बांधावर यायची गरज न्हाई. आमी येतो."

गुरुवारी व्यंकटरावाच्या बाभळीखाली बाया भाकरी खात बसल्या होत्या तेव्हा साहेबरावचा फोन आला. मागं काँक्रीटचं मिक्सर घरघरत होतं.

"चार दिवस झाले, मला कुणाचाच फोन न्हाई," तो म्हणाला. "गावातलं सोयाबीन सरलं का?"

हाव म्हणून मोकळं होता आलं असतं. नागुबाई उठली, बायांपासून लांब बांधावर गेली.

"सरलं न्हाई. वहीतून तुमचं नाव काढलं म्या. माझं टाकलं."

मिक्सर फिरत राहिलं. मग तो म्हणाला, "कामून?"

"तुमी तिघांना एकच दिवस दिला. केवळाबाई गेली, तिची सून गेली. टोळी मोडाया आली व्हती."

"मला सांगायचं. म्या दुरुस्त केलं आसतं."

"तिथून?"

त्याचा आवाज खाली आला. "म्या हितं सांगून बसलो, गावाकडं माझी टोळी हाय म्हणून. सुपरवायझर बी सेठ म्हणायला लागला व्हता. काल इचारला, सेठ, फोन बिघडला का."

नागुबाईला फार वाईट वाटलं. गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाला आठ दिवस कुणी सेठ म्हणालं होतं, आणि ते तिनं काढून घेतलं होतं. वाईट वाटलं तरी आपण चुकलो असंही तिला वाटेना. दोन्ही गोष्टी पोटात घेऊन ती उन्हात उभी राहिली.

"दिवाळीची सुट्टी आताच टाकतो," साहेबराव म्हणाला. "तुझ्या टोळीत जागा हाय का एकाची?"

ह्या आठवड्यात तिला हे बऱ्याच जणींनी विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं तेच तिनं सांगितलं. "हाय. पहाटे पाचला वेशीत यायचं. इळा सोताचा आणायचा."

"हाव."

"आन् बांधावरून कुणी इचारलं, टोळी कुणाची, तर काय सांगणार?"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्याच्या तोंडी ती आधी 'आगं', मग 'महामायाची माय'. बाळंतपणाला दवाखान्यात नर्सनं बायकोचं नाव विचारलं तेव्हासुद्धा त्यानं आईला पुढं केलं होतं. फोनमध्ये मिक्सरचा आवाज हळूहळू लांब गेला. तो चालत बाजूला गेला असावा.

"नागुबाईची," तो पुटपुटला.

"मालक बांधावरून इचारतेत. मोठ्यानं सांगावं लागतंय."

"नागुबाईची," तो मोठ्यानं म्हणाला, इतक्या मोठ्यानं की तिकडं कुणीतरी हसलं आणि विचारलं, "कौन नागुबाई, सेठ?"

तिनं फोन कानाला घट्ट धरला. साहेबराव त्या माणसाला सांगत होता, "मुकादम है हमारी."